आवाज बंद, सायकल चालू

९ सप्टेंबर १९९५, धुळे

गल्लीतल्या श्रोत्यांनो, तुमची तक्रार रास्त आहे! ओल्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसलात, पोरं मांडीवर झोपवलीत, आरती उरकून वक्त्याची वाट पाहिलीत — आणि वक्त्यानं तोंड उघडलं तेव्हा बाहेर काय आलं? फाटक्या भात्याची फुसफुस! दुसऱ्या वाक्याला तीही थांबली. तुम्ही उठून गेलात. मीही गेलो असतो.

हे माईकवरून सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय. ही वही मी कुणाला वाचून दाखवणार नाही.

आज डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी. गणपतीत रोज एक व्याख्यान, कधी दोन — त्याचं हे फळ. औषध एकच, मौन. कुजबूजही नाही, तिनं म्हणे जास्तच ताण येतो. "दसऱ्यानंतर बघू. ऐकलं नाहीत तर कापावं लागेल. आणि कापल्यावर आवाज कसा निघेल, ते मी आत्ता सांगणार नाही."

पण १५ ऑक्टोबरला नरडाण्याची सभा आहे! त्या बाजूच्या खेड्यांतल्या मुली सातवी झाली की घरी बसतात, हायस्कूल लांब म्हणून. मुलीला सायकल द्या, हायस्कूलला पाठवा — मी घसा फोडून हेच सांगत आलोय. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या दारात जायचो. यंदा प्रथमच मुलींचे बाप स्वतः बोलावताहेत. रतिलालनं — तिथला कापडदुकानदार, सभेची सगळी धावपळ त्याचीच — मांडवही सांगून ठेवलाय.

तोवर आवाज आला नाही तर? ती माणसं एकदा परत गेली की पुन्हा जमणार नाहीत.

१० सप्टेंबर

पाटीवर लिहून चहा मागितला. सुनंदा म्हणाली, "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा या घरात माझं वाक्य पूर्ण झालं."

आणि हसली. बराच वेळ!

१२ सप्टेंबर

इतिहासाचा तास फळ्यावर लिहून घेतला. पोरं खूश. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर असेच राहू दे रे देवा!" वळून पाहिलं. सगळे वह्यांत डोकं घालून.

शब्द आत साठतात. कुठे जातात ते? मला वाटतं, पायात उतरतात. सकाळी नकाण्याच्या तलावापर्यंत चालत गेलो, संध्याकाळी पुन्हा गेलो. पाय थांबेनात.

येताना हिलालच्या सायकलच्या दुकानापाशी थबकलो. दारात दोन नव्या सायकली लटकवलेल्या. सरळ हँडल, जाड खाचेदार टायर, गिअर. डोंगरातल्या वाटांसाठी असतात, असं मी वाचनालयातल्या एका परदेशी मासिकात वाचलं होतं. हिलाल बोलायला बसला की थांबत नाही. "सर, या दोघी दिवाळीपासून माझ्या छातीवर बसल्यात! गिऱ्हाईक येतं, हात फिरवतं, विचारतं — मडगार्ड कुठंय? कॅरिअर कुठंय? डबल सीट कशी न्यायची? दुधाचा कॅन कुठं अडकवू? — आणि साधी काळी घेऊन जातं."

मला उत्तर देता येत नव्हतं. म्हणून मी विकत घेतली!

१३ सप्टेंबर

माय अंगणात सायकलीभोवती फिरली. "हाई काय आननं रे? इले कपडाच नहीत!" मडगार्ड नाहीत, चेनकव्हर नाही, म्हणून माईच्या लेखी ती उघडी. सुनंदानं स्टँड शोधला. तोही नाही. भिंतीला टेकवली.

१५ सप्टेंबर

वाचनालयातून मासिकाचे जुने अंक आणले. काय काय लागतं ते वाचतोय. शिरस्त्राण, हातमोजे, पाण्याची बाटली अडकवायची जाळी, सीटखाली पिशवी, तिच्यात नट खोलायचे पाने आणि पंक्चरची ठिगळं. इथे यातलं निम्मं मिळत नाही. हिलालनं डोक्यासाठी क्रिकेटचं हेल्मेट काढून दिलं. ते घालून घरात शिरलो तर सुनंदा म्हणाली, "बॅट विसरलात."

सीट दगडासारखी. स्पंजाचं कव्हर चढवलं तर गुडघे वाकडे पडू लागले. काढून टाकलं. सीट वर केली — पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. एवढंसं कळायला दोन दिवस मांड्या भरून आल्या.

घंटी मात्र खास निवडली. हिलाल भोंगा गळ्यात मारत होता, रबरी, पों-पों करणारा. मी पितळेची मोठी घंटी घेतली. माणसाला काहीतरी आवाज हवा!

१८ सप्टेंबर

टायर पंक्चर. नकाण्याच्या रस्त्याला बाभळीचा काटा. दोन्ही चाकांत! परदेशी मासिकात बाभूळ नाही.

सायकल खांद्यावर घेऊन घरी आलो. सुनंदानं माझ्या हातून पाना काढून घेतला. टायर सोडवला, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा दिसला तिथे बोट ठेवलं. घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर घालून सुकवलं, ठिगळ दाबलं. मग जुनी ट्यूब उभी कापून टायरच्या आत अस्तरासारखी बसवली. "आता काटा आधी हिला टोचेल."

पाटीवर लिहिलं : कुठे शिकलीस?

"असोद्याहून जळगावला रोज सायकलनं जायचे मी. माहीत आहे की तुम्हाला."

माहीत होतं. भाषणात कितीदा सांगितलंय — माझी पत्नीसुद्धा सायकलनं शिकली! पुढे काही विचारायचं असतं, हे कधी सुचलंच नाही.

२१ सप्टेंबर

गणपती दूध पितोय!

सकाळी शेजारची पोरगी धावत आली. नऊपर्यंत गल्ली रिकामी, देवळापुढे रांग. पेले, वाट्या, चमचे. आमची मायही नेसूचं बदलून पेला घेऊन निघाली. मी आडवा उभा राहिलो. ती म्हणाली, "सरक. बठ्ठं गाव जाई ऱ्हायनं."

अरे, चमचा ओठाला लावला की दूध दगडावरून ओघळतं! पातळ थर, दिसत नाही. पृष्ठताण! सातवीच्या पुस्तकात आहे! मी देवळापुढे जाऊन उभा राहिलो. समोर एवढा जनसमुदाय, न बोलावता जमलेला — आणि मी मुका! एका ओळखीच्यानं हात जोडले, "सर, बघा, आता तुम्हालाही बोलायला काही राहिलं नाही." तोंड उघडलं. डॉक्टरांचा चेहरा आठवला. मिटलं.

सायकल काढली आणि लळिंगच्या घाटाकडे सुटलो. ट्रकच्या धुरात, चढावर, सगळ्यात जड गिअरवर. मुद्दाम. प्रत्येक पेडलला एक वाक्य. श्रोतेहो! — दाब. डोळ्यांनी पाहता ते — दाब. सत्यच असतं असं — दाब! अर्ध्या घाटात चेन निसटली. हात काळे, कपाळ काळं. चेन बसवता बसवता हसू आलं. आवाज न काढता हसणं फार अवघड असतं.

संध्याकाळी माय म्हणाली, "प्यायना देव. मना हातनं प्यायना." देव प्याला म्हणून तिचे डोळे भरलेले.

पाटी हातात होती. ती खुंटीला अडकवली.

२५ सप्टेंबर

हिलाल म्हणतो, तेल जितकं जास्त तितकं बरं. चेनवर धार सोडतो! काळ्या मातीची धूळ त्यावर बसते, चिखल होतो, दाते झिजतात. मासिक सांगतं, एकेका कडीवर एकेक थेंब, मग बाकीचं पुसून घ्या. हे मी हिलालला कागदावर लिहून दिलं. त्यानं कागदानं हात पुसले.

२८ सप्टेंबर

सुनंदाला म्हटलं — म्हटलं म्हणजे लिहिलं — तोरणमाळचा घाट चढायचा. दसऱ्यानंतरच्या शनिवारी.

"तुम्ही?"

आपण.

तिनं पदर खोचला, हिलालकडे गेली, दुसरी गिअरची सायकल घेऊन आली. हिलाल म्हणे, "वहिनी, चार दिवस फिरवा, गावाला दिसू द्या. बाई चालवते म्हटल्यावर पुरुषाला लाज वाटून तरी तो घेईल." सुनंदा पंजाबी ड्रेसमध्ये नकाण्यापर्यंत जाऊन आली. गिअर कसे टाकायचे ते मी चित्र काढून समजावणार होतो. ती परत येईपर्यंत चित्र पुरं झालं नव्हतं!

दसरा

माझी सायकल काल हिलालकडे टाकली होती. मागचं चाक लळिंगला डुगडुगायला लागलं होतं, त्याचा आऊट काढायला. म्हणून पूजा एकट्या सुनंदाच्या सायकलीची झाली. मी उठायच्या आत माईनं सगळं उरकलं होतं. विळा, कोयता, शिलाई मशीन आणि सायकल, ओळीनं. हळद, कुंकू, झेंडूची माळ. चाकं लखलखत होती. हात लावायची इच्छा झाली नाही, इतकी सुरेख.

"बैलना खांदा मळतस ना आपन?" माय म्हणाली. "मंग हाई बी तं मनी सूनले वाहणार शे."

कर्मकांडावर माझं एक भाषण आहे. तासाभराचं. ते आज मला आठवलं नाही.

५ ऑक्टोबर

रतिलालचा निरोप. मांडव ठरला, माईक ठरला. "सरांचा आवाज कसा आहे?"

डॉक्टरांकडे १४ला जायचंय. सभेच्या आदल्या दिवशी! गिळताना आता दुखत नाही. पण आवाज काढून पाहायची परवानगी नाही. आपल्याच घरातल्या बंद खोलीत काय आहे, ते माहीत नसावं तसं.

६ ऑक्टोबर

सुनंदा म्हणाली, "अहो, माझा ब्रेक घसरतोय. दाबला की चाक धरत नाही नीट."

तार सैल असणार. मासिकात आकृती आहे. नट सैल केला, तार ताणली, नट आवळला. मूठ आता दगडासारखी घट्ट. पाटीवर लिहिलं : पक्का!

आज मी खरोखरीचा मेकॅनिक झालो.

७ ऑक्टोबर, तोरणमाळ

एसटीच्या टपावर सायकली. म्हसावदला उतरलो. तिथून पुढे पेडल. घाटात मी अर्ध्याहून जास्त चाललो, सायकल ढकलत. ती चालली नाही. वळणावर थांबायची, पाणी प्यायची, मी दिसलो की पुढे निघायची.

वर पोचलो तर तलावाच्या काठावर पाय सोडून बसलेली. दोन आदिवासी बायका तिच्या सायकलीचे गिअर मोजत होत्या. एकीनं माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं. सुनंदा म्हणाली, "हो, हाच. बोलत नाही सध्या." तिघी हसल्या.

८ ऑक्टोबर, शहाद्याचा दवाखाना आणि नंतर घर

लिहितो. जसं घडलं तसं.

सकाळी उतरायला लागलो. ती पुढे, मी मागे. थंड हवा, मोकळा रस्ता. मी मागून पाहत होतो — ओढणी कमरेला बांधलेली, कोपर वाकवलेले. दुसऱ्या वळणानंतर तिचा वेग वाढत गेला. आधी वाटलं, मजेत आहे. मग तिच्या मुठी दिसल्या. दोन्ही मुठी आवळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या. ब्रेक पूर्ण दाबलेला आणि चाक फिरतच होतं! रबरी गुटके रिमवरून नुसते घसरत होते.

पुढे डावीकडे वळण. वळणापलीकडे दरी.

मी घंटी वाजवली! देवा, मी घंटी वाजवली! घंटीला डावं-उजवं नसतं. तिनं मागे पाहिलंही नाही. तिची नजर ब्रेकवर, पुन्हा पुन्हा ब्रेकवर. मला मागून, वरून दिसत होतं. वळणाच्या अलीकडे डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूला रस्त्याच्या कामाचा मुरूम पडलेला. मोठा ढीग, मऊ. तिला ढीग दिसत नव्हता.

ओरडलो.

"डावीकडे! मातीत घाल! सुनंदा, मातीत घाल!"

तो आवाज मला माझा वाटला नाही. पण घाटभर गेला. तिनं विचार केला नाही, हँडल डावीकडे टाकलं. चाक मुरमात रुतलं, ती हँडलवरून पुढे, तोंडावर मातीत.

मी पोचलो तेव्हा ती उठून बसत होती. कोपर सोललेलं, गालाला खरचटलेलं, दातांत मुरूम. थुंकली. म्हणाली, "ओरडलात तुम्ही."

मी होकार द्यायला तोंड उघडलं. काहीच नाही! भात्यातली हवासुद्धा नाही.

मग तिनं बोट रिमवर फिरवलं. बोट चकाकलं. तिनं वास घेतला आणि बोट माझ्या नाकाशी आणलं. भुईमुगाचं तेल. ब्रेकच्या रबराला हळदीचा पिवळा थर! माईनं चाकांना तेल लावलं होतं. बैलाच्या खांद्याला लावतात तसं, मायेनं, चांगलं चोळून. आणि परवा ब्रेक घसरतोय म्हटल्यावर मी काय केलं? तार ताणली! बोट फिरवून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. रबर धरत नाही तर का धरत नाही, हे न पाहता नट आवळला. वर लिहिलं — पक्का!

दोघांनी खाली बसून रिम मातीनं घासली, पाण्यानं धुतली, माझ्या रुमालानं कोरडी केली. गुटके दगडावर घासले, काळं रबर दिसेपर्यंत. मग उरलेला घाट चालत उतरलो. सायकली हातात.

खाली आल्यावर ती म्हणाली, "माईला सांगायचं नाही. खडीवरून घसरले, एवढंच."

ठीक आहे. मी तर कुणालाच काही सांगू शकत नाही.

९ ऑक्टोबर

माय तिच्या कोपराला हळद लावते आणि म्हणते, "पूजा करी म्हनीसन वाचनी मनी सून." सुनंदा म्हणते, "हो ना, माई."

आणि मी? प्रबोधन करणारा मी? मानेनं हो म्हटलं.

माझ्या थुंकीत रक्ताची रेघ.

१० ऑक्टोबर

रतिलाल स्वतः आला. मला पाहून ओट्यावर बसकण मारली. "सर, मग सभा रद्द करू? लोकांना काय सांगू? कापसाच्या हंगामात एक दिवस काढला बिचाऱ्यांनी. पुन्हा नाही यायचे. हिलालभाऊकडून सायकली आणून ठेवतो म्हटलं होतं बघायला, तेही राहिलं."

मी पाटी घेतली. 'पुढे ढकला' लिहिणार होतो. तेवढ्यात आतून, भांड्यांच्या आवाजावरून, सुनंदा म्हणाली, "मी बोलते."

रतिलाल उठून उभाच राहिला. "वहिनी, तुम्ही?"

"माझ्यापायी यांचा घसा गेला. मी बोलते."

"वा! मग सर लिहून देतील, तुम्ही वाचून दाखवा. काय सर?"

११ ऑक्टोबर

भाषण लिहून दिलं. सुरुवात चांगली साधलीय. चाकाचा शोध, मानवाची प्रगती, स्त्री आणि गती. मग एकामागून एक प्रश्न, मग आवाहन.

तिनं वाचलं. हजेरी घेतल्यासारखं! मी हातवारे केले — इथे थांब, इथे चढव. तिनं पुन्हा वाचलं. पुन्हा तसंच.

"अहो, हे माझ्या तोंडात बसत नाही. 'क्षितिजे खुणावताहेत' हे मी कसाले म्हणू? नरडाण्याच्या बायका हसतील मला."

चिडलो. बाहेर जाऊन अख्खी सायकल उलटी टाकली आणि हबमधले छर्रे काढून धुतले. गरज नव्हती.

१२ ऑक्टोबर

दुपारी गच्चीवर चेन पुसत होतो. जिन्याच्या खाली ती बोलत होती. कागद नव्हता. कपडे पिळता पिळता.

"माझ्या आबांनी मला सायकल दिली. अख्ख्या असोद्यात नाव झालं त्यांचं. पण पंप कुठं? पंप दादाच्या खोलीत. पाना दादाकडे. नाक्यावरची पोरं रोज हवा सोडायची. मी रोज ढकलत यायची. काळ्या मातीत ढकलून बघा एकदा! दादा रोज न्यायला येईना. तोही शेतात दमायचा. मग आबा म्हणाले — पोरी, रोज बंद पडते गाडी, कोन येईन तुले घ्यायले? राहू दे आता. आबा वाईट नव्हते हो. माझं शिक्षण आबांनी थांबवलं नसतं. एका पंक्चरनं थांबवलं असतं."

कपडे झटकल्याचा आवाज. मग पुन्हा :

"म्हणून मी दादाचा पंप पळवला. मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवला. भाऊ, आबा, नाना — तुम्ही मुलीला सायकल घेऊन द्याल. तुम्ही चांगले आहात. पण पाना तिच्या हातात द्याल का? ब्रेक धरत नसला तर चाकाला बोट लावून बघायला तिला शिकवाल का? मी परवा घाटात पडले. हे बघा कोपर. ज्यांनी माझा ब्रेक दुरुस्त केला ते फार शिकलेले आहेत!"

इथे ती हसली. एकटीच.

"१६ तारखेला सकाळी सायकल आणि मुलगी, दोघींना घेऊन मैदानात या. मी थांबते. पंक्चर काढायला तिला मी शिकवते. तुम्ही नुसतं बघा."

मी चेन हातात धरून तसाच उभा. माझ्या भाषणांत चाक असतं. चाकात हवा भरावी लागते, हे एवढ्या वर्षांत एकदाही आलेलं नाही. टाळ्या भरपूर आल्या. मुली किती गेल्या हायस्कूलला? मोजल्याच नाहीत.

१३ ऑक्टोबर

हेवा वाटतोय. लिहून टाकलं.

तो मांडव माझा आहे. त्या माणसांची वाट मी पाहिली. उद्या डॉक्टर काय म्हणतील? घसा मोकळा वाटतोय. सकाळी खाकरताना नकळत एक सूर निघाला, स्वच्छ! दार लावून घेतलं आणि गप्प बसलो. आवाज असेल तर मी बोलणार. आधी ती दोन शब्द बोलेल, मग मी. तिचा पंपाचा मुद्दा मी घेईन, शेवटाकडे, जरा फुलवून —

नाही. फुलवला की मरेल तो.

दिवसभर घरभर फिरतोय. माय म्हणते, "बसना रे, घर फिरी ऱ्हायनं तुनासंगे."

सुनंदा बाहेर माझी सायकल तपासतेय. आधी पुढचा ब्रेक, मग मागचा. दरवेळी चाकाला बोट लावून.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "गाठ नाही. ओरडल्यानं सूज आली होती, तीही उतरली. नशीबवान आहात. बोला. उद्याची सभा खुशाल करा, माईक जवळ घ्या म्हणजे झालं."

बाहेर बाकावर सुनंदा उठून उभी राहिली. "काय म्हणाले?"

मी मान हलवली. नाही.

पाटीवर लिहिलं : उद्या नरडाण्याला तूच बोल, सुनंदा. माझा कागद घरी ठेव.